परिग्रह-परिमाण आणि घराची वही

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झरी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी देणाऱ्यांचा गौरव होतो आणि तो व्हावयासच हवा. संगमरवरी पाट्यांवर दात्यांची नावे कोरली जातात, स्मरणिकेत त्यांची छायाचित्रे येतात. परंतु पन्नास वर्षे एखादी संस्था चालते ती त्याहून साध्या आधारावर. ज्या घरांत महिनाअखेरीस चार पैसे शिल्लक राहतात, त्या घरांच्या वर्गणीवर ती चालते. आजचा विषय त्या शिलकीचा आहे. मिळकतीच्या आत राहणे आणि स्वतःच्या आर्थिक व्यवहाराची जबाबदारी स्वतः उचलणे, हा विषय रूक्ष आहे आणि साधर्मिक वात्सल्याच्या भोजनापूर्वी ऐकवण्याजोगा तर मुळीच नाही. तथापि तो मांडण्यास झरीइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही.

२३ मे १९४५ रोजी याच झरी गावी सुमारे पाच हजार वारली एकत्र जमले होते. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीचा मुलूख महाराष्ट्रात राहिला. १९४५ च्याच जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले होते. तेथे या भागातून थोडे वारली गेले होते. माह्या धांगडा हे त्यांतील एक. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झरीच्या सभेत ठरले की, दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर कामास जावयाचे नाही आणि वेठ करावयाची नाही. पुढे १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. गोदावरीबाईंनी तो सारा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला. १९७० साली निघालेल्या या पुस्तकास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या राजकीय विचारांशी व्यापारी वर्गाचे जमणे कठीणच होते. तरीही डहाणू-तलासरीत दुकान थाटून बसलेल्या प्रत्येकाने ते पुस्तक एकदा वाचावे. ज्या मातीत तो व्यवसाय करतो तिचा जमाखर्च त्यात आहे.

त्या काळचा एक शब्द आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. तो शब्द म्हणजे ‘लग्नगडी’.

वारली तरुणास लग्न करावयाचे तर मुलीच्या बापास देज द्यावे लागे, जातीला जेवण आणि ताडी द्यावी लागे. हाती रोकड नसे. मग तो जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून शे-दोनशे रुपये उचलून लग्न उरकी आणि ते रुपये फिटेपर्यंत धन्याच्या घरी राबण्याचे कबूल करी. नवरी घरात येई तीही धन्याच्याच कामावर रुजू होण्यासाठी. मोबदला पोटापुरत्या धान्याचा. त्यामुळे मुद्दल कमी होण्याचा प्रश्नच येत नसे. हिशेब धन्याच्या वहीत असे आणि वाचता न येणाऱ्याचा अंगठा त्याखाली. लग्नाचा मांडव दोन दिवसांत उतरे, पण त्याचे मोल फेडण्यात वर्षांमागून वर्षे जात, कित्येकांचे आयुष्य सरे. लग्नासाठी गडी झालेला तो लग्नगडी.

यात एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. ऐपत येईपर्यंत थांबण्याची सोय खुद्द वारली रीतीतच होती. पैसा नसेल तर स्त्री-पुरुषाने आधी संसार मांडावा आणि धवलेरीच्या गाण्याने होणारे विधिवत लग्न पुढे सवडीने, कधी कधी मुले झाल्यावरही, लावावे, यास जातीची ना नव्हती. सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबून देजाची भरपाई करण्याचीही रीत होती. ज्या समाजास शहाणे लोक अडाणी म्हणत आले, त्याने लग्नाचा खर्च ऐपतीसाठी थांबू शकतो हे मान्य केले होते. कर्जाचा मार्ग मोकळा झाला, सावकार दारी तयार उभा राहिला, तेव्हा थांबण्याची गरज वाटेनाशी झाली आणि गुलामी आली.

पावसाळ्यातील खावटीची कथाही निराळी नाही. आषाढ-श्रावणात घरातले भात संपले की कुडवभर धान्य उसने घ्यावे आणि कापणी झाली की दिढीने, म्हणजे दीडपट, परत करावे. चार-पाच महिन्यांत पन्नास टक्के. असे व्याज जो घेतो तो ते फेडू शकत नाही, आणि जो देतो त्यासही हे ठाऊक असते.

येथे श्रावकाने क्षणभर थांबावे. त्या काळचे सावकार अनेक जातिधर्मांचे होते, त्यांत व्यापारी पेशाची माणसेही होती. त्यांत जैन कोणीच नव्हते असे छातीठोकपणे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. प्रतिक्रमणात वंदित्तु सूत्र म्हणताना पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार प्रत्येक श्रावक आठवतो: जिवास बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत खोटा लेख करणे येते, तिसऱ्यात खोटी वजने-मापे. बहुतेकांच्या मनात ‘अतिभार’ म्हणताना बैल उभा राहतो. लग्नगड्याच्या कहाणीत मात्र यांतील कितीतरी दोष माणसाच्या बाबतीत घडलेले दिसतात. वेठबिगारी नाहीशी करण्याचा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. तसे कर्ज आता कायद्यापुढे कर्जच उरत नाही. तरी वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाने सणासुदीला ‘उचल’ घेणे आणि हंगामभर ती फेडीत राहणे हे या जिल्ह्यात अद्याप संपलेले नाही.

‘उचल’ हा शब्द लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा तो मजुराचा नसेल.

वारल्यांची कथा सांगून जैन घरांस उपदेश कशासाठी, असे कोणाच्या मनात आले असेल. याचे उत्तर कापडाच्या गादीवर बसणारा कोणीही देईल. लग्नाचा बस्ता बांधावयास घरची मंडळी येतात तेव्हा मनात एक आकडा ठरवून येतात. पहिल्या अर्ध्या तासात तो आकडा पाळला जातो. मग वरच्या फळीवरचा माल खाली येतो, सोबत आलेली एखादी आत्याबाई ‘त्यांच्या घरी काय घेतले होते’ हे आठवून देते, आणि बांधलेल्या बस्त्याची रक्कम ठरविलेल्या आकड्याच्या दीडपट होते. ही देखील दिढीच म्हणावयाची. दुकानदार आनंदाने चहा मागवितो. त्याचा धंदाच तो आहे. मात्र वडील मंडळी पैसे देताना अर्धे रोख देतात, उरलेल्याचा चेक पुढच्या तारखेचा लिहितात, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा नसतो. कापड हा लग्नखर्चाचा लहान भाग. सभागृह, सजावट, केटरिंग, छायाचित्रण, पाहुण्यांच्या भेटी यांचे आकडे त्याहून कितीतरी मोठे. त्यासाठी घर तारण पडते, दागिने बँकेत जातात, पतपेढीत भाऊबंद जामीन राहतो. मांडव उतरतो आणि हप्ते सुरू होतात. वडील साठीचे, मुलगा तिशीचा. दोघे मिळून सात-आठ वर्षे हप्ते भरतात. लग्नगडी हा शब्द जैन घरास लावला तर राग येईल. येऊ द्यावा.

जैन परंपरेने या रोगावर उपाय सांगितला नाही असे नाही. तिने जितका नेमका उपाय सांगितला तितका क्वचितच कोणी सांगितला असेल. श्रावकाचे पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाण हे आहे. साधूस अपरिग्रह, श्रावकास परिमाण. परिमाण म्हणजे माप. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद आणि कुप्य अशा नऊ प्रकारच्या परिग्रहास प्रत्येकाने आकडा घालून घ्यावा असे शास्त्र सांगते. ‘साधेपणाने राहा’ असा मोघम उपदेश ऐकून कोणीही घरी जाऊ शकतो. आकडा घातला की तो मोडला की पाळला हे कळते.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा पर्युषणात सर्वांच्या कानांवरून जाते. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ दरिद्री नव्हता. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घर-प्रपंचात, शिवाय दहा-दहा हजार गायींचे चार व्रज, अशी त्याची संपत्ती सूत्रात सांगितली आहे. भगवान महावीरांपुढे त्याने याच मर्यादा कायम करून घेतल्या, आणि नंतर उपभोगाच्या वस्तूंवर आला. अंग पुसण्याचे वस्त्र कोणते, दातवण कोणत्या झाडाचे, अभ्यंगास तेल कोणते, भात कोणता, तूप कोणते, एकेक वस्तू त्याने नाव घेऊन ठरविली. वस्त्रांच्या बाबतीत एका क्षौमवस्त्राच्या जोडीवर तो थांबला. कोट्यधीश मनुष्य आणि वस्त्रांची एक जोडी. कापड व्यापाऱ्यास हे गिऱ्हाईक परवडणारे नाही, पण आदर्श म्हणून त्यापुढे मान लववावीच लागते.

या कथेतील दोन गोष्टींकडे व्याख्यानांत फारसे लक्ष दिले जात नाही. पहिली, धनाची वाटणी. निधी, व्यापार आणि घर यांचे तीन स्वतंत्र कप्पे आणि तिन्ही सारखे. घरासाठी लागले म्हणून व्यापारात हात घातला नाही, व्यापार वाढवावयाचा म्हणून निधी रिकामा केला नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. व्रत घेऊन आनंद घरी गेला आणि त्याने पत्नी शिवानंदा हिला सारे सांगितले. मग तीही भगवंतांकडे गेली आणि तिनेही श्राविकेची व्रते घेतली. घरातील दोन्ही माणसांस मर्यादा ठाऊक होती.

बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी राजा कुमारपाळासाठी ‘योगशास्त्र’ रचले. त्यात धर्ममार्गास लागू इच्छिणाऱ्या गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. पहिलाच गुण धन न्यायाने मिळविण्याचा आहे. पुढे खर्च मिळकतीच्या मानाने असावा हा एक गुण आणि पेहराव वैभवाच्या मानाने असावा हा दुसरा. व्रत, तप, ध्यान यांच्या आधी हे येते याचे पुष्कळांस नवल वाटते. ज्याचा जमाखर्च जुळत नाही त्याचे सामायिकातही चित्त लागत नाही, हे आचार्यांस पुरते ठाऊक असावे. या गुणांचे विवरण करताना एक जुनी नीतीही सांगितली जाते: मिळकतीचे चार भाग करावे, एक निधीत ठेवावा, एक व्यापारात घालावा, एक धर्म आणि स्वतःचा उपभोग यांसाठी, आणि एक आश्रितांच्या पोषणासाठी. आजच्या महागाईत पगारदार माणसाला चौथा हिस्सा निधीत ठेवणे जमेल असे नाही. पण धर्म आणि उपभोग एकाच कप्प्यात का घातले, हे पाहावे. दान वाढवावयाचे तर चैन कमी करावी. मुलांच्या शिक्षणातून किंवा दुकानाच्या भांडवलातून ते काढू नये, इतका व्यवहारी अर्थ त्यात आहे.

आता दुकानाकडे वळू. समजा, एखाद्या बाजारपेठेतील कापड दुकानाची वर्षाची विक्री साठ लाख आहे. पंधरा टक्के नफा धरला तर नऊ लाख होतात. भाडे, दोन नोकरांचा पगार, वीज, गाडीभाडे, बँकेचे व्याज मिळून चार लाख वीस हजार गेले. राहिले चार लाख ऐंशी हजार, म्हणजे महिना चाळीस हजार. घर मात्र पंचावन्न हजारांचे चालते. हे पंधरा हजार कोठून येतात? गल्ल्यातून. हिशेबशास्त्रात मालकाने दुकानातून घरासाठी काढलेल्या रकमेस ‘उचल’ म्हणतात. वीटभट्टीवरचा मजूर जी घेतो तीही उचल आणि शेठजी गल्ल्यातून घेतात तीही उचल. मजुरास तरी आपण कर्ज घेतले हे ठाऊक असते. शेठजींस वाटते, पैसा आपलाच आहे.

वर्षाला एक लाख ऐंशी हजार, पाच वर्षांत नऊ लाख. इतके मोठे भगदाड दिसत कसे नाही? ते भिवंडी, उल्हासनगर आणि सुरतच्या व्यापाऱ्यांच्या खात्यात लपते. या दुकानाची खरेदी वर्षाला एक्कावन्न लाखांची, म्हणजे महिन्यास सव्वाचार लाखांची. पूर्वी पैसे दोन महिन्यांत जात, ते हळूहळू चार महिन्यांवर गेले. दोन महिन्यांची जादा उधारी साडेआठ लाख होते. घराने खाल्लेली रक्कम जवळजवळ तेवढीच. दुकान भरलेले दिसते, गिऱ्हाईक येत असते, मालक नमस्कार करीत असतो, आणि फळीवरचा निम्माशिम्मा माल दुसऱ्याच्या पैशाचा असतो. मग एक दिवस दलाल येणे बंद करतो. पेठेत बातमी फुटावयास एक दुपार पुरते. हे बुडणे मंदीमुळे झाले, ऑनलाइन खरेदीमुळे झाले, मॉलमुळे झाले, असे नंतर सांगितले जाते आणि त्यात तथ्यही असते. परंतु पुष्कळ वेळा आरंभ त्या पंधरा हजारांपासून झालेला असतो.

उपाय साधा आहे. मालकाने स्वतःस दरमहा ठरावीक पगार लावून घ्यावा आणि तो एकाच तारखेस घरी न्यावा. मधल्या दिवसांत गल्ल्यास हात लावू नये, मुलाने मागितले तरी आणि मंदिरात चढावा घ्यावयाचा असला तरी.

चढाव्याचा विषय ट्रस्टच्या व्यासपीठावर काढणे धाडसाचे आहे, पण काढावयास हवा. बोली हा भक्तीचा उल्लास आहे. तीवर मंदिरे उभी राहिली, तीर्थांचे जीर्णोद्धार झाले. त्याच वेळी हेही खरे की, समोरच्याने एक आकडा बोलला म्हणून त्यावरचा आकडा तोंडून निघून जातो आणि घरी गेल्यावर झोप लागत नाही. देवद्रव्याची रक्कम बोलल्याबरोबर भरावी, ती अंगावर ठेवून वापरू नये, असे ‘श्राद्धविधी’सारखे ग्रंथ बजावून सांगतात. जी रक्कम ताबडतोब देता येणार नाही ती बोलण्याचा अधिकार श्रावकास नाही, असाच याचा अर्थ होतो. विश्वस्तांनीही थकलेल्या बोलीची यादी भिंतीवर लावण्याऐवजी त्या माणसाच्या घरी जावे आणि एकांतात विचारावे, की भाऊ, दुकान कसे चालले आहे.

अतिलोभाची गोष्ट निराळी असते, तरी तिचा शेवट त्याच वहीत होतो. मुंबईचे शेठ प्रेमचंद रायचंद हे सुरतेत जन्मलेले जैन. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस विलायतेस जाईना, हिंदी कापसास सोन्याचे भाव आले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. बॅक बे भरून जमीन काढण्याच्या कंपनीपासून किती तरी कंपन्यांचे शेअर निघाले. दुकानदार, कारकून, दलाल सारे उसन्या पैशावर शेअर घेऊ लागले आणि या खेळाच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस कोसळला आणि त्याबरोबर शेअर कोसळले. हजारो घरे बुडाली. बँक ऑफ बॉम्बेने शेअरांवर कर्जे दिली होती. तीही त्यातून सावरली नाही आणि १८६८ मध्ये गुंडाळली गेली. खुद्द प्रेमचंदही बुडाले. तत्पूर्वी १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मातोश्री राजाबाईंच्या नावे मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला आणि आजही उभा आहे. त्या तेजीत शेठजींच्या हातून गेलेला तेवढाच पैसा राहिला असे म्हणावयास हरकत नाही. पुढे त्यांनी पुन्हा उद्योग केला आणि १९०६ पर्यंत ते जगले.

दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट जुनी वाटेल. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शेअर बाजारातील वायदे आणि ऑप्शन यांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले. त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. पूर्वी सट्टा खेळावयास बाजारात जावे लागे, चार माणसांच्या नजरेस पडावे लागे. आता तो दुकानात गादीवर बसून, हातातल्या मोबाइलवर खेळता येतो आणि शेजारी बसलेल्या वडिलांसही कळत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षास चाळीस टक्क्यांच्या घरात व्याज खाते. खावटीच्या दिढीस नावे ठेवणाऱ्या तरुणाने आपल्या कार्डाचे मासिक पत्रक एकदा शांतपणे वाचावे.

तरुणांचे उदाहरण तरुणाचेच द्यावे. १८८८ मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यास विलायतेस निघाले तेव्हा बेचरजी स्वामी या जैन मुनींनी त्यांस मद्य, मांस आणि परस्त्री वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा दिली आणि मगच मातोश्रींनी जाण्यास अनुमती दिली. ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. लंडनमध्ये आरंभी त्यांनीही उंची सूट शिवले, नृत्याचे आणि व्हायोलिनचे धडे घेतले. मात्र एक सवय त्यांनी सोडली नाही: बसभाडे, टपाल, वर्तमानपत्र यांवर गेलेले एकेक नाणे ते वहीत टिपीत आणि रात्री निजण्यापूर्वी शिल्लक जुळवीत. त्या वहीनेच त्यांस दाखविले की, भावाने पाठविलेला पैसा कोठे जातो. मग त्यांनी बिऱ्हाड बदलले, गाडीऐवजी पायी जाऊ लागले, पुढे एका खोलीवर येऊन सकाळची लापशी आणि कोको स्वतः करू लागले. पुढे लाखो रुपयांचे सार्वजनिक निधी हाताळताना कर्ज झाले नाही, उलट शिल्लक राहिली, याचे श्रेय त्यांनी आत्मकथेत त्या वहीस दिले आहे. मुनींनी दिलेली प्रतिज्ञा आणि ही वही यांत फार अंतर नाही. दोन्ही रोज तपासाव्या लागतात.

शेवटी, ज्या घरात हे सारे हाताबाहेर गेले आहे त्या घराविषयी. अशी घरे प्रत्येक संघात असतात आणि बाहेरून ती ओळखू येत नाहीत. कर्जापेक्षा कर्ज लपविण्यातच माणूस अधिक झिजतो. पत्नीस ठाऊक नसते, भावास अर्धे ठाऊक असते, मुलास परीक्षा आहे म्हणून सांगितलेले नसते. एक हप्ता चुकला की दुसरीकडून घेऊन तो भरावयाचा, आणि पर्युषणात मात्र नेहमीसारखे पुढच्या रांगेत बसावयाचे. अशा वेळी पहिले पाऊल बँकेकडे किंवा पतपेढीकडे जाण्याचे नसते. घरातील सर्वांस एकत्र बसवून सारी देणी एका कागदावर लिहिणे हे पहिले पाऊल आहे: कोणाचे किती, व्याज काय, जामीन कोण. सर्वांत जाचक व्याजाचे देणे आधी फेडावे. त्यासाठी दागिने विकावे लागले तर विकावे. ते गहाण ठेवून वर्षानुवर्षे व्याज भरीत बसणे म्हणजे त्यांचे मोल दोनदा देणे.

संघाने येथे काय करावे? पुणिया श्रावकाची कथा सर्वांस पाठ आहे. तो कापसाचे पेळू करून विकी, मिळकत दिवसापुरती, तरी रोज एका साधर्मिकास जेवू घाली. दोघांपुरते पुरत नसे म्हणून पती-पत्नी आळीपाळीने उपवास करीत. राजा श्रेणिकास त्याचे एक सामायिकही विकत घेता आले नाही. आपल्या माणसास मदत करावयास मिळकत मोठी लागत नाही, इतके त्यावरून दिसते. साधर्मिक भक्तीच्या निधीतून दरवर्षी वह्या, धान्य, औषधे दिली जातात. त्यातच भर घालून, हिशेब जाणणाऱ्या दोन-तीन ज्येष्ठांनी महिन्यातून एका रविवारी उपाश्रयाच्या खोलीत बसावे. ज्यास आपला जमाखर्च दाखवावयाचा असेल त्याने यावे, आणि तेथे ऐकलेले बाहेर जाऊ नये. सामुदायिक विवाहात नाव नोंदविणाऱ्या घरांकडे कमीपणाने पाहण्याची सवयही सोडावी लागेल. संघातील एखाद्या सधन घराने आपल्या मुलाचे लग्न त्याच मांडवात लावले तर हे काम एका दिवसात होईल. असे घर येथे, या सभेतच, बसलेले असण्याचा संभव आहे.

दिवाळीस चोपडापूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, धन्ना-शालिभद्रांची ऋद्धी, अभयकुमारांची बुद्धी मागितली जाते. ती वही दुकानाची असते. येत्या दिवाळीस तिच्याशेजारी दुसरी एक वही ठेवावी, साधी, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. तीवरही कुंकवाचा स्वस्तिक काढावा आणि ती घराची वही म्हणून श्राविकेच्या हाती द्यावी. पहिल्या पानावर दुकानातून महिन्यास किती रक्कम येणार तो आकडा लिहावा आणि त्याखाली घरातील सर्वांनी सह्या कराव्या, लिहिता येऊ लागलेल्या मुलांनीही.